मेहुण्यासाठी सुरी

यंदाच्या मे महिन्यात मी पाच दिवस रत्नागिरी आणि देवरुखला जाऊन आलो. समुद्र पाहिला, आंबे खाल्ले, पण तो सगळा वाटेतला कार्यक्रम होता. खरा गेलो होतो एक सुरी घ्यायला. घडीचा चाकू नव्हे. न मिटणारी, म्यानात राहणारी, रोज कमरेला लावून फिरता येईल अशी साधी सुरी, आणि तीही पेन्शनवाल्या माणसाला झेपेल अशी. ज्यांना रत्नागिरीला जायचं आहे त्यांना हे वाचून थोडा उपयोग होईल, सुरी घ्यायची आहे त्यांना जास्त होईल. आणि ज्यांनी मेहुण्यावर पन्नास वर्षं खोटा आळ ठेवला आहे, त्यांनी तर एकही ओळ गाळू नये.

आधी गुन्हा सांगतो, म्हणजे प्रवास कळेल.

मी सांगलीचा. बायको कुसुम रत्नागिरीजवळच्या भाट्याची. सासरे जहाजावर खलाशी होते. त्यांनी कुठल्याशा बंदरातून एक वीतभर सुरी आणली होती आणि ती झोपताना सोडून कायम त्यांच्या पट्ट्याला असे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी जावई म्हणून भाट्याला गेलो. एका दुपारी सगळे झोपले असताना मला वाटलं, आपण एकट्याने नारळ फोडून दाखवावा. सासऱ्यांची सुरी खुंटीवर होती. मी ती करवंटीच्या फटीत घातली आणि पिळली. नारळ तसाच राहिला, सुरीचे दोन तुकडे झाले. ते दोन्ही मी खाडीत फेकले.

संध्याकाळी शोधाशोध झाली. कुसुमचा धाकटा भाऊ वसंता आदल्या दिवशी ती सुरी सासऱ्यांकडून मागून घेऊन गळ टाकायला गेला होता. तो बिचारा डोकं खाजवत म्हणाला, "मी खुंटीवर ठेवली होती वाटतं." तेव्हा मी एक वाक्य बोललो. "सकाळी मी वसंताच्या कमरेला पाहिली." बस, एवढंच.

त्या वाक्याने वसंता घरातला वेंधळा ठरला. "वसंताकडे देऊ नका, सुरीसारखं करील," हे त्या घरात अजूनही म्हटलं जातं, आणि म्हणणाऱ्यांत ज्यांनी ती सुरी पाहिलीच नाही अशी माणसंही आहेत. गेल्या हिवाळ्यात वसंताच्या नातीचा, ऋतुजाचा, साखरपुडा झाला. अंगठीची डबी पुढे द्यायची होती. वसंताने हात पुढे केला. त्याच्या सुनेने, नीताने, डबी त्याच्या डोक्यावरून पलीकडे दिली. "आबांकडे नको हं," ती हसून म्हणाली. सगळे हसले. वसंताही हसला आणि पुढे केलेल्या हाताने त्याने मान खाजवली. लग्नात मंगळसूत्रही मुलीकडूनच करायचं ठरलं होतं; आता ती डबीही त्याच्या डोक्यावरून जाणार होती. ते मान खाजवणं पाहिल्यापासून मला नीट झोप नाही.

रिकाम्या हाताने कबुली देणं बरं दिसेना. म्हणून सुरी. महागाची नेली तर लाच वाटेल, अगदीच फडतूस नेली तर अपमान. मुलाने मोबाइलवर काही दाखवल्या. एकीला करवतीचे दात होते, दुसरीच्या मुठीत होकायंत्र. वसंता देवरुखलाच राहतो, त्याला तिथल्या दिशा माहीत आहेत. मी म्हटलं, हातात धरून घेतो. कुसुम लग्नघरी आठवडाभर आधीच गेली होती. तिला सांगितलं, हळदीच्या दिवशी येतो.

पहिला दिवस, रत्नागिरी

लॉजवर सामान टाकून आधी जेवलो. बांगडा, भात, सोलकढी. आमच्याकडे जेवण तिखटाने संपतं आणि माणूस पाणी शोधत उठतो. इथे सोलकढीने संपतं आणि माणूस उठतच नाही. तासाभराने उठून बाजारात गेलो.

लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. मालक नाकावर चष्मा ठेवून खिळे मोजत होते.

"सुरी हवी होती."

"कांदा, मासळी, का फळं?"

"रोज जवळ बाळगायला."

त्यांनी चष्म्यावरून माझ्या पांढऱ्या मिशा पाहिल्या. "कोणाशी वाकडं आलंय का काका?"

"नाही हो. मेहुण्यासाठी."

"मेहुण्याशी वाकडं आलंय?"

"मेहुण्याला द्यायची आहे!"

"असं नीट सांगा," म्हणून त्यांनी एक खोका उघडला. आत काळीकुळकुळीत सुरी होती आणि तिच्या पात्यावर कवटी छापलेली.

"यावर कवटी का?"

"कवटीवाली खपते. मुलं वाढदिवसाला केक कापायला नेतात."

कवटी नको म्हटल्यावर त्यांनी तसलीच बिनकवटीची दिली. कापडी म्यान, चमकतं पातं, हाताला हलकी. स्वस्त होती. मला वाटलं, पहिल्याच दुकानात काम झालं. वापरून पाहावी म्हणून पायजम्याच्या नाडीत खोवली आणि मासळी बाजार बघायला निघालो.

इथे पहिला धडा सांगून ठेवतो: म्यानाला पट्टा जाईल असा बंद नसेल तर सुरी घेऊ नये. एका मासेवालीपुढे सुरमई पाहायला वाकलो आणि सुरी नाडीतून सुटली. ती पायजम्याच्या आतून मांडीवरून, गुडघ्यावरून आरामात घसरत गेली. मी एका पायावर उभा राहिलो. सुरी घोट्याशी थोडी थांबली आणि म्यानासकट सुरमईच्या शेजारी येऊन पडली.

मासेवालीने आधी सुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, मासळी मीच कापून देते. तुम्ही पायाने नका कापू."

शेजारच्या चौघी तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी अर्धा किलो सुरमई घेतली. लॉजवर चूल नव्हती, तरी घेतली.

दुसरा दिवस, भाट्ये

सुरमई लॉजच्या मालकाच्या बायकोला देऊन टाकली आणि सकाळी चालत भाट्याच्या पुलावर गेलो. सासऱ्यांचं घर कधीच विकलं गेलं. पण खाडी तीच. कठड्याला टेकून मी पाण्यात पाहत राहिलो. सायकलवरून चाललेला एक गृहस्थ थांबला.

"काय पडला काय वो?"

"सुरी."

"आत्ता?"

"पन्नास वर्षं झाली."

तोही सायकल स्टँडवर लावून माझ्याशेजारी वाकून पाहू लागला. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाला, "आत्ता ओहोटी हाय, तरी पण दिसत नाय." मग सायकलवर बसून गेला. या भागातली माणसं चौकशा फार करतात असं आमच्याकडे म्हणतात. पण चौकशी केल्यावर बरोबर उभी राहतात, हे कोणी सांगत नाही.

पूल ओलांडून सुरूच्या बनापाशी गेलो. तिथे गणपतदादा नावाचे शहाळीवाले भेटले. माझ्याहून थोडे लहान, हडकुळे, आणि कमरेला मागे एक लाकडी ठोकळा बांधलेला. त्याच्या खाचेत कोयती अडकवलेली. याला इकडे आकडी म्हणतात. माणूस चालतो, झाडावर चढतो, आणि कोयती पाठीमागे लटकत राहते. आमच्याकडे कोयता ऊसतोडीच्या दिवसांत निघतो, एरवी आढ्याला असतो. इथे तो अंगावरच्या कपड्यांसारखा. मी त्यांना माझी सुरी दाखवून विचारलं, कशी आहे?

त्यांनी ती हातावर तोलली आणि शहाळ्याच्या सोडणात, म्हणजे वरच्या जाड सालीत, टोक घालून अलगद पिळली. पातं सोडणात राहिलं आणि मूठ त्यांच्या हातात.

"ही सुरी नाय," ते शांतपणे म्हणाले. "हा सुरीचा फोटो हाय."

पन्नास वर्षांपूर्वी मी हेच केलं होतं आणि त्या वेळी सुरी चांगली होती, दोष माझा होता. गणपतदादांनी पात्याचं मागचं टोक दाखवलं. मुठीत गेलेलं लोखंड जेमतेम नखाएवढं. "हा लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत गेला पायजे. मूठ नुसती वरून बसवायची. आनी पाता चार बोटा पुरे. जास्त लांब घ्याल तर बसताना टोचेल."

त्यांची आकडी मला फार आवडली. त्यांनी हौसेने माझ्या कमरेला बांधून दिली. मी ऐटीत दहा पावलं चाललो आणि सवयीने बाकावर बसलो. कोयतीचं टोक बाकाच्या फटीत गेलं आणि मी अडकलो. उठता येईना, वळता येईना. गणपतदादांनी एका गिऱ्हाइकाला शहाळं फोडून दिलं, सुटे दिले, मग मला सोडवलं.

"तुमच्यासारख्याला सुरीच बरी," ते म्हणाले. "देवरुखच्या वाटेवर एक लोहार हाय. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याची करून देतो. त्याच्याकडे जा, पन तिकडं बसू नका कशावर."

तिसरा दिवस, देवरुखच्या वाटेवर

लोहाराचं नाव काढताच एसटीच्या कंडक्टरने मला नेमकं त्याच्या फाट्यावर उतरवलं. फणसाच्या झाडाखाली पत्र्याची शेड, आत भट्टी. भात्याच्या जागी विजेचा पंखा. लोहार सांडशीने तापलेलं लोखंड धरत होता आणि त्याची बायको घण घालत होती. दोघांचं बोलणं काही नव्हतं. ती घण घालायची, तो लोखंड फिरवायचा, चुकत नव्हतं काही. मी कुसुमबरोबर कधी चादरीची घडीसुद्धा इतक्या सरळ घातलेली नाही.

मला काय हवं ते सांगितलं. लोहाराने विचारलं, "स्टीलची का पाट्याची? स्टील गंजनार नाय, पन धार लावताना जीव जाईल. पाट्याची दगडावर चार वेळा घासली की लागली. पन खोबरेल लावावा लागतो, नायतर आपल्या हवेत लाल होते."

"पाट्याची."

"मानूस डावखुरा का उजवा?"

मी माझेच दोन्ही हात पाहिले.

"म्यान कुठल्या अंगाला लावनार ता कळाय पायजे ना. आनी धारपन तशी काढतो मी."

पन्नास वर्षं या माणसाबरोबर पंक्तीला बसलोय. तो कुठल्या हाताने जेवतो ते आठवलं, उजव्याच. पण काम कुठल्या हाताने करतो ते काही केल्या आठवेना. कुसुमला फोन लावला.

"वसंता डावखुरा आहे का गं?"

"का? काय केलंत तुम्ही?"

"काही नाही, सहज."

"सहज कोणी विचारतं का? डावखुरा आहे. लहानपणी बाबांनी किती मारलं त्याला, लिहितो डाव्याने म्हणून. तुम्हांला माहीत नाही?"

लोहाराची बायको घणावर टेकून ऐकत होती. "मेहुना तुमचा?" तिने विचारलं.

"हो."

"बरा वळखता त्याला," ती म्हणाली आणि परत घण उचलला.

दुपारपर्यंत सुरी झाली. चार बोटं पातं, मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं लोखंड, दोन्ही बाजूंनी खैराचं लाकूड आणि पितळी खिळे. म्यान जुन्या दप्तराच्या चामड्याचं, डाव्या अंगाला लावायचं, पट्टा जाईल असा बंद. तिच्यात काही चमकत नव्हतं. सांगलीत बरी चप्पल मिळते तेवढ्यात मिळाली. मी ती तिथे पडलेल्या नारळाच्या सोडणात घालून पिळून पाहिली. सोडण फाटलं. मी इतका खूश झालो की लोहाराच्या बायकोने दिलेले फणसाचे गरे पंधरा खाल्ले आणि देवरुखच्या लॉजवर रात्रभर पोट धरून बसलो. कापा फणस पचतो, बरका पचत नाही, हे इकडे सगळ्यांना माहीत असतं. आमच्याकडे दोन्ही नुसते फणसच.

चौथा दिवस, देवरुख

हळदीचा दिवस. अंगणात मांडव. ओटीवर बायका हाताला तेल लावून फणस सोलत होत्या. मध्यभागी खुर्चीवर आक्का, कुसुमची मोठी बहीण, ब्याऐंशी वर्षांची. वसंता कोपऱ्यात बसून वर्तमानपत्र वाचत होता. लग्नघरात एवढ्या माणसांत काम नसलेला तो एकटाच.

मी कुसुमलाही आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने मला थांबवलं असतं, किंवा माझ्या आधी स्वतःच सांगितलं असतं. चहा झाल्यावर मी ओटीवर उभा राहिलो आणि म्हणालो, "मला एक सांगायचं आहे. मामंजींची सुरी वसंताने हरवली नाही. ती मी मोडली."

फणस सोलणं चालूच राहिलं.

"कुठली सुरी?" आक्का म्हणाल्या.

"मामंजींची. मी नारळात घालून पिळली, मोडली आणि खाडीत टाकली. आणि वसंताच्या कमरेला पाहिली म्हणून खोटं सांगितलं."

नीता कौतुकाने म्हणाली, "मामा, किती मोठं मन हो तुमचं! पण आबांसाठी एवढं करू नका. त्यांचा वेंधळेपणा आम्हांला माहीत आहे."

"अगं, खरंच मी मोडली!"

"यांना सगळ्यांचंच वाईट वाटतं," कुसुम म्हणाली. "परवा कावळ्याचं वाटत होतं."

मी डाव्या अंगठ्यावरचा व्रण दाखवला. हे वाचकांनाही वर सांगायचं राहिलं: पातं मोडताना अंगठा कापला होता, आणि त्याबद्दलही मी खोटं बोललो होतो. कुसुमने व्रण पाहिला आणि तिचा चेहरा बदलला.

"हा खेकड्याचा आहे."

"नाही."

"तुम्ही सांगितलंत खेकडा चावला! त्याच दिवशी! मी पन्नास वर्षं सांगलीत सगळ्यांना सांगतेय, आमच्या ह्यांना भाट्याचा खेकडा चावला होता म्हणून! तुमच्या आईला सांगितलं! भिशीत सांगितलं!"

"खेकडा नव्हताच."

"नव्हताच?" सुरीपेक्षा तिला खेकड्याचंच जास्त लागलं, ते अजून गेलेलं नाही. पण तिच्या आवाजाने आता फणस सोलणं थांबलं. सगळ्यांना पटलं होतं.

वसंता उठून उभा राहिला होता. मी पिशवीतून सुरी काढली, म्यानातून उपसली आणि त्याच्या डाव्या हातात दिली.

"अरे देवा!" "हातात नका देऊ!" "खाली ठेवा, खाली ठेवा!" ओटीवर एकच गलका.

सुरी, विळी, कोयती कोणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची. हातात दिली तर त्या दोघांत भांडण होतं, असं हे लोक मानतात. आम्ही मीठ-मिरचीचं पाळतो, सुरीचं मला माहीतच नव्हतं. ऐन हळदीच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत मी ते केलं.

"आता भांडण होणार," आक्का म्हणाल्या.

वसंताने हातातल्या सुरीकडे पाहिलं. त्या घरात त्याला कोणी आवाज चढवताना पाहिलेलं नाही. तो हळूच म्हणाला, "मग होऊ दे."

आणि भांडायला लागला.

"भावोजी, कॉलेजच्या ग्रंथालयाच्या किल्ल्या तेहतीस वर्षं माझ्याकडे होत्या. एक पुस्तक गेलं नाही! आणि या घरात मला दूध आणायला पाठवताना सोबत माणूस देतात!"

"चुकलं माझं."

"गप्प बसा, मी भांडतोय! रेल्वेचं तिकीट माझ्या हातात कधी दिलं नाही कोणी. सिनेमाचंसुद्धा नाही! माझ्या छत्रीवर माझं नाव लिहिलंय, लहान मुलासारखं! फणसाची सांदणं केली की मला ताटात दोनच, बाकीची म्हणे सांभाळून ठेवतो! आणि माझी ती दोनही कोण खातं? तुम्ही!"

"ती तूच मला देतोस!"

"देतो, कारण मला वाटायचं तुम्ही एकटे माझ्याबद्दल काही बोलत नाही म्हणून!"

मी खाली बसलो. तो उभाच. आवाज थोडा खाली आला, तो जास्त वाईट होता.

"बाबांच्या अस्थी संगमावर नेल्या तेव्हा कलश तुमच्या हातात दिला सगळ्यांनी. माझ्या बापाचा. मी मागून चालत होतो. आणि बाबा जाताना मला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, वसंता, सुरीचं मनाला लावून घेऊ नको. मी तुला माफ केलं." तो एक पाऊल पुढे आला. "मला माफ केलं, भावोजी! मला!"

तो कलश धरून चालताना मला तो जड वाटला होता, आणि तरी मी तो त्याला दिला नव्हता. हे मी तिथे बोललो. तो म्हणाला, "मला माहीत आहे, मी मागेच होतो." मग परत सांदणांवर आला, मग छत्रीवर, मग एकदा मी त्याची चप्पल घालून गेलो होतो त्यावर. अर्धा तास गेला. घसा बसला तेव्हा नीताने कोकम सरबत आणून दिलं, आणि देताना ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

"झालं? का आहे अजून?" आक्कांनी विचारलं.

"आहे. पण आज हळद आहे," वसंता म्हणाला. सुरी म्यानात घातली आणि पट्ट्याच्या डाव्या बाजूला अडकवली. माफ केलं असं तो म्हणाला नाही, मीही विचारलं नाही.

आक्का उठल्या. काठी टेकत आत गेल्या, कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि त्या मंगळसूत्राची लाल मखमली डबी घेऊन बाहेर आल्या. पहिल्यांदा त्या बोलताना चाचरल्या. "वसंता, हे उद्या मुहूर्तापर्यंत तुझ्याकडे."

पाचवा दिवस, लग्न

सकाळी सातला मी कार्यालयात पोचलो तेव्हा वसंता नव्या धोतरात पहिल्या रांगेत बसला होता. दोन्ही हातांत डबी. मुहूर्त साडेबाराचा.

नाश्त्याला उपमा आला. त्याने खाल्ला नाही. हात मोकळा नव्हता. शेवटी नीताने शेजारी बसून त्याला चमच्याने भरवला. लोक नमस्कार करत होते, तो मान हलवत होता. फोटोग्राफर म्हणाला, "आजोबा, डबी बाजूला ठेवा, फोटोत येतेय." वसंता म्हणाला, "येऊ दे." साडेदहाच्या सुमारास तो अस्वस्थ दिसू लागला, पाय हलवू लागला. मी कानाशी जाऊन म्हणालो, "मी धरतो, जाऊन ये." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन खुर्च्या सोडून बसलो. तो गेला, डबी घेऊन गेला, आणि डबी घेऊन परत आला. कसं जमवलं ते मी विचारलं नाही.

मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या. मग गुरुजी म्हणाले, "मंगळसूत्र आणा."

वसंता चढून वर गेला. डबी उघडली, आत पाहिलं, मिटली, परत उघडून पाहिलं. मग पुढे केली. गुरुजींनी ती धरली, पण ती आली नाही. त्यांनी जरा ओढली. वसंताची बोटं सुटेनात.

"आजोबा, सोडा आता," गुरुजी हळूच म्हणाले.

"हो हो," वसंता म्हणाला. पण सोडली नाही. सोडत नाही हे बहुतेक त्याला कळतही नव्हतं. खाली कोणी हसलं नाही. पुढचे विधी खोळंबले होते, म्हणून शेवटी ऋतुजाच्या नवऱ्यानेच वाकून त्याच्या हातातल्या डबीतून मंगळसूत्र उचललं आणि तिच्या गळ्यात घातलं. वसंता तसाच उभा राहिला, उघडी रिकामी डबी दोन्ही हातांत धरून, आणि ती अगदी हलणार नाही याची काळजी घेत.